गैरसोय कोणती, अन्याय कोणता? फ्रान्सच्या एका खेड्यातून

आमच्या गावात महिन्यातून एकदा परदेशी रहिवाशांची कॉफी असते. गाव फ्रान्सच्या मध्यभागातले, वस्ती सहाशेच्या आतबाहेर. परदेशी म्हणजे बहुतेक इंग्रज, दोन डच कुटुंबे, एक बेल्जियन आजी आणि आम्ही दोघे. आम्ही मूळचे परभणी जिल्ह्यातले, पुण्यात वाढलेले, गेली पाच वर्षे इथे राहतो. मागच्या खेपेला यजमानीणबाईंनी प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी दिली आणि सांगितले, इथल्या रोजच्या जगण्यातली एक गोष्ट बदलायची मुभा मिळाली तर कोणती बदलाल ते लिहा.

चिठ्ठ्या वाचताना हशा पिकला. दुपारी बारा ते दोन सगळे गाव बंद असते. रविवारी दुकाने बंद, सोमवारीही बंद. गावची कचेरी आठवड्यातून तीनच सकाळी उघडते. कुठल्याही कामाला तीन महिन्यांच्या आतले वीजबिल लागते. उजवीकडच्या गल्लीतून ट्रॅक्टर न बघता अंगावर येतो आणि कायद्याने पहिला हक्क त्याचाच असतो. चर्चची घंटा प्रत्येक तासाचे टोल दोनदा देते. संडासाच्या टाकीची तपासणी, तिची फी, वर दुरुस्तीचा हुकूम. डॉक्टर मिळत नाही. शिकारी कुंपणापर्यंत येतात.

आमची चिठ्ठी कोरी राहिली. तक्रारी नव्हत्या असे नाही, ढीगभर होत्या. पण हसता हसता एक गोष्ट खटकली. त्या एकाच यादीत दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी मिसळल्या होत्या आणि कुणाला त्यांतला फरक दिसत नव्हता. घरी येताना आम्हा दोघांत त्यावरून जोरदार वाद झाला. हा लेख त्या वादातून निघाला आहे.

आधी एक कबुली. गाव या शब्दाचे आम्हाला प्रेम नाही. आमच्या आजोबांनी गाव सोडले ते शहराची हौस होती म्हणून नव्हे. 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी भारतीय खेड्याबद्दल जे परखड मत मांडले, ते आमच्या घरात अनुभव म्हणून सांगितले जात असे. त्यामुळे नोकरीच्या गावी भाडे परवडेना आणि तीस किलोमीटरवरचे खेडे निवडावे लागले, तेव्हा पोटात गोळा आला होता. खेड्यात जायचे म्हणजे आपण कोण हे आधी सांगावे लागणार, ही सवय रक्तात होती.

घरमालकाने खूप काही विचारले. तीन महिन्यांच्या पगारपावत्या, नोकरीचा करार, जामीनदार, आधीच्या घराच्या भाडेपावत्या. चाळीस पानांचे बाड तयार झाले. त्या बाडाची चेष्टा इथला प्रत्येक परदेशी करतो, आम्हीही करतो. पण पुण्यात घर शोधताना आडनाव ऐकून तीन ठिकाणी 'नंतर कळवतो' असे ऐकलेल्या माणसाला त्या चाळीस पानांत एक गोष्ट नसल्याचे पटकन कळते. पगार विचारला, आडनावाचा अर्थ विचारला नाही. लगेच एक खुलासाही करतो, नाहीतर आम्ही फ्रान्सची आरती करतो आहोत असे कुणी म्हणेल. इथेही आडनावावरून माणूस तोलला जातो. उत्तर आफ्रिकेतले आडनाव असले की मुलाखतीचे बोलावणे कमी येते, हे इथल्याच चाचण्यांनी वारंवार दाखवले आहे. आमचे आडनाव त्यांना कुठे बसवायचे ते कळत नाही, एवढाच आमचा फायदा.

नावाचे राजकारण कॉफीच्या टेबलावरही असते. इंग्रज शेजारी स्वतःला 'एक्स्पॅट' म्हणवतात. आम्हाला कुणी त्या शब्दाने हाक मारत नाही, आम्ही 'इमिग्रे'. दोघांनीही देश सोडला, दोघांनाही इथली भाषा धड येत नाही, मग शब्द दोन का? 2020 च्या अखेरीस ब्रेक्झिटचा संक्रमणकाळ संपला आणि ज्या इंग्रजांची इथे फक्त सुटीची घरे होती, त्यांना स्वतःच्याच घरात 180 दिवसांत 90 दिवसांपेक्षा जास्त राहता येईना. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या तोंडी 'व्हिसा' हा शब्द आमच्यासारखाच जड झाला.

आता यादीकडे येऊ. पहिली तक्रार रविवारची.

इथला रविवार खरोखर मेलेला असतो. पावाचे दुकान सकाळी उघडते, बाकी शटर खाली. पहिल्या वर्षी मुलगी तापली तेव्हा थर्मामीटर मिळेना, म्हणून आम्ही या रविवाराला शिव्या घातल्या आहेत. मग एकदा पावाच्या दुकानातल्या बाईंनी सहज सांगितले की त्यांच्या आजोबांचे वडील उत्तरेकडच्या कोळसा खाणीत होते. 10 मार्च 1906 रोजी कुरिएरच्या खाणीत स्फोट झाला आणि 1,099 माणसे मेली. त्यानंतर संपांची लाट उसळली आणि त्याच वर्षी 13 जुलैला साप्ताहिक सुटीचा कायदा झाला. आम्ही ज्या बंद शटरवर चिडत होतो, त्याच्या मागे एवढी मढी होती.

आणि मग आमचीच आम्हाला लाज वाटली. कारण ही गोष्ट आम्हाला फ्रेंच बाईकडून शिकण्याची गरज नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे कोण होते हे आमच्या मुलांना पाठ असायला हवे. फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक, 1884 मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी करणारे लोखंडे. 10 जून 1890 रोजी मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुटी मिळाली ती त्यांच्या लढ्यामुळे. म्हणजे फ्रान्सच्या कायद्याच्या सोळा वर्षे आधी. आपल्याकडे कॅलेंडरात रविवार तांबड्या शाईत छापलेला असतो, पण तो कुणी मिळवून दिला हे आपण विसरलो. आज पुण्यात रविवारी रात्री अकराला बिर्याणी दारात येते. ती आणणारा पोरगा कुणाचा असतो, त्याचा रविवार कुठे असतो, हे आपल्या वस्तीतल्या कुणालाही विचारा.

फ्रान्समध्येही हा रविवार कुरतडला जातो आहे. 2015 च्या कायद्याने दुकानांना वर्षात पाचाऐवजी बारा रविवार उघडण्याची वाट करून दिली. दर वेळी कारण एकच दिले जाते, ग्राहकाची सोय. म्हणून आम्ही म्हणतो, सोय हा शब्द ऐकला की आधी विचारावे, कुणाची?

दुपारच्या दोन तासांचेही तेच. इथल्या कामगार कायद्यात एक नियम आहे की कामाच्या जागी कामगाराला जेवायला लावता येत नाही, जेवणाची जागा वेगळी हवी. आम्हाला तो पहिल्यांदा विनोदी वाटला. पुण्यात आमच्यापैकी एकाने चार वर्षे कीबोर्डशेजारी डबा उघडून जेवण केले, त्याचे कौतुकही झाले. इथे गवंडी, शिक्षिका, पोस्टातला कारकून आणि गावचा मेयर एकाच हॉटेलात बाराला जेवायला बसतात. आम्ही बारा वाजून पाच मिनिटांनी पोस्टाचे दार ठोठावतो आणि म्हणतो, काय हा देश! थोडे लवकर निघणे एवढाच त्यावर उपाय होता.

आता त्या टाकीबद्दल. हे लिहिताना हात जरा जड होतो.

इथल्या खेड्यांत बहुतेक विखुरलेल्या घरांना सार्वजनिक गटार नाही. प्रत्येक घराची आपली टाकी. तिच्यावर सरकारी सेवेची नजर असते. दहा वर्षांच्या आत एकदा तरी तपासणी होते. घर विकताना टाकीचा दाखला लागतो, टाकी नियमात बसत नसेल तर घेणाऱ्याने वर्षाच्या आत ती सुधारायची. खर्च कित्येक हजार युरो. गाळ अर्ध्यावर आला की उपसा करायचा आणि तो परवानाधारक माणसाकडूनच. भाडेकरूला उपशाचे पैसे स्वतः द्यावे लागतात. टेबलावरच्या चिठ्ठ्यांत सर्वांत जास्त शिव्या याच गोष्टीला होत्या.

आमच्या टाकीचा उपसा झाला त्या दिवशी आम्ही दोघेही कारण नसताना बाहेर येऊन उभे राहिलो. टँकर आला. जाड पाइप, पंप, हातमोजे, बूट. पन्नाशीचा माणूस होता. त्याने झाकण काढले, पाइप सोडला आणि तो गाडीला टेकून आमच्याशी पावसाबद्दल बोलू लागला. टाकीत उतरला नाही. उतरण्याचा प्रश्नच नव्हता. काम संपल्यावर त्याने हातमोजे काढून आमच्याशी हात मिळवला, पावती दिली, आमच्या घरात येऊन हात धुतले आणि कॉफी घेतली.

आमच्यापैकी एकीचे मामा मराठवाड्यातल्या एका शहरात कंत्राटावर सफाईचे काम करत. एका लॉजच्या टाकीत त्यांना आणि त्यांच्या जोडीदाराला उतरवले होते, कंबरेला दोर बांधून. मामांना वर ओढले तेव्हा श्वास चालू होता. जोडीदाराला ओढले तेव्हा नव्हता. त्यानंतर मामांना मोठा श्वास घेताना कुणी पाहिले नाही. आपल्या देशात 1993 चा कायदा आहे, 2013 चा कायदा आहे, 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्याच्या कुटुंबाला दहा लाख रुपये द्या म्हटले, 2023 मध्ये ते तीस लाख केले. तरीही माणसे उतरतात, मरतात आणि मेलेला कोणत्या जातीचा होता हे विचारावे लागत नाही.

त्या संध्याकाळी पावतीवरचा आकडा पाहून आमच्या तोंडून चकार शब्द निघाला नाही. तपासणी, दाखला, परवाना, फी ही सगळी कटकट आहे, मान्य. पण त्या कटकटीमुळेच पन्नाशीचा एक माणूस पावसाबद्दल बोलत उभा राहू शकतो. ज्याला ही कटकट नको, त्याने तिच्या जागी काय येते हे आमच्या मामांना विचारायला हवे होते.

म्हणून आमची कसोटी अशी. एखादी गोष्ट मला त्रास देते, तेव्हा त्या त्रासाच्या पलीकडे कोण उभा आहे ते बघायचे. माझ्या गैरसोयीच्या बदल्यात कुणाला तरी विश्रांती, सुरक्षितता, माणुसकी मिळत असेल तर ती गैरसोय सोसायची. पलीकडे कुणीच नसेल, फक्त सत्तेचा आळस किंवा बलवानाची मिजास असेल, तर ती गैरसोय नव्हे. तो अन्याय आहे आणि तो सोसायचा नाही.

काही तक्रारी या कसोटीपर्यंतही पोचत नाहीत. घंटा आणि कोंबडा त्यातले. ओलेराँ बेटावरच्या मॉरिस नावाच्या कोंबड्याविरुद्ध सुटीपुरते येणारे शेजारी कोर्टात गेले होते. 2019 मध्ये कोंबडा जिंकला आणि 29 जानेवारी 2021 रोजी ग्रामीण भागातले आवाज आणि वास हा वारसा मानणारा कायदाच झाला. दुकानात शिरताच 'बोंजूर' म्हटले नाही तर कुणी दाद देत नाही, हीही अनेकांची तक्रार. आम्हाला ती कधी वाटली नाही. वस्तीत जयभीम घातल्याशिवाय पुढे जाता येत नाही हे शिकलेल्या माणसाला बोंजूरचे ओझे कसले?

शिकाऱ्यांचा प्रश्न मात्र अवघड आहे आणि आमचे भांडण त्यावरच सर्वांत जास्त रंगले. सप्टेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत रविवारी रानात बंदुका वाजतात. मुलीला नारिंगी जाकीट घालून फिरायला न्यावे लागते. गावातल्या शिकाऱ्यांना विचारले तर ते 1789 वर जातात. राजेशाहीत शिकार हा उमरावांचा हक्क होता, शेतकऱ्याने ससा मारला तरी शिक्षा. 4 ऑगस्ट 1789 च्या रात्री तो विशेषाधिकार गेला. म्हणजे ती बंदूक त्यांना समतेची निशाणी वाटते आणि त्यात तथ्य आहे. आमच्यापैकी एकाला हे पटते. चवदार तळ्याच्या लेकरांना, जे वरच्यांनी राखून ठेवले होते ते सगळ्यांसाठी मोकळे होणे म्हणजे काय, हे कळते.

पण दुसरी विचारते, मग डिसेंबर 2020 मध्ये लोत जिल्ह्यात काय झाले? पंचविशीतला एक तरुण आपल्या घराजवळ लाकूड फोडत होता. शिकाऱ्याला रानडुक्कर वाटले, त्याने गोळी घातली, तरुण मेला. त्यानंतर लाखावर लोकांनी सेनेटकडे अर्ज केला. आठवड्यातले काही तास तरी रान निर्धास्त ठेवा, ही मागणी सरकारने 2023 मध्ये नाकारली. उमरावांकडून हिसकावलेला हक्क शेजाऱ्याच्या जिवावर उठला, तर तो हक्क राहतो की नवी उमरावकी होते? आमचे एकमत झाले ते इथे. क्रांतीतून मिळालेली गोष्टही दर पिढीला कसोटीवर घासावी लागते. हे आपल्या चळवळीलाही लागू आहे, हे वेगळे सांगायला नको.

आता जे खरोखर बदलायला हवे त्याकडे वळतो.

पहिले, डॉक्टर. आमच्या गावचा डॉक्टर निवृत्त झाला, नवा आला नाही. आसपासचे डॉक्टर नवे रुग्ण घेत नाहीत. फ्रेंच लोक याला वैद्यकीय वाळवंट म्हणतात. हे वाळवंट निसर्गाने केलेले नाही. 1971 पासून वैद्यकीय शिक्षणाच्या जागांवर सरकारने मर्यादा घातली आणि नव्वदच्या दशकापर्यंत त्या जागा निम्म्याहून खाली आणल्या. औषधाचे दुकान कुठे उघडायचे हे लोकसंख्या बघून सरकार ठरवते. डॉक्टरने कुठे बसायचे हे मात्र डॉक्टरच ठरवतो आणि तो समुद्रकिनारी बसतो. इथे पलीकडे कोण आहे? दमलेला कामगार नाही.

दुसरे, वाहन. बस दिवसातून दोनदा, तीही शाळेच्या दिवशी. एका वर्षानंतर आमचा भारतीय परवाना चालेना, परीक्षा नव्याने द्यावी लागली, तोवर आमच्यापैकी एकजण घरात अडकली. पण हा त्रास फक्त परदेशी माणसाचा नाही. नोव्हेंबर 2018 मध्ये पिवळी जाकिटे घालून चौकाचौकांत बसलेले लोक याच रस्त्यांवरचे होते. रेल्वे बंद करायची, दवाखाना दूर न्यायचा आणि वर पेट्रोलवर कर वाढवायचा, हे त्यांना सहन झाले नाही. त्या वैतागाचा फायदा पुढे कुणी घेतला हेही दिसते. 2024 च्या युरोपीय निवडणुकीत देशातल्या बहुसंख्य कम्यूनमध्ये अतिउजवा पक्ष पहिला आला. खेड्याकडे सत्तेने पाठ फिरवली की खेडे आपल्याहून दुबळ्याकडे बोट दाखवू लागते. तेव्हा ते बोट आमच्याकडेच असते.

तिसरे, कागद. मागच्या वर्षी आमच्या राहण्याच्या कार्डाची मुदत संपत आली. अर्ज फक्त संगणकावरून. वेळ मागायला गेलो की पडद्यावर रोज तेच वाक्य : जागा शिल्लक नाही. फोन कुणी उचलत नाही, दारातला पहारेकरी म्हणतो पडद्यावर जा. अशा कागदाविना फ्रान्समधून बाहेर पडता येते, परत येता येत नाही. त्याच चार महिन्यांत आमच्यापैकी एकाचे वडील गेले. पुण्यानुमोदन फोनच्या पडद्यावर पाहिले. बुद्धवंदना सुरू झाली तेव्हा नेटवर्क गेले.

यात पलीकडे कुणाची विश्रांती होती? त्या खिडकीवरच्या कारकुनाचीही नाही, कारण खिडकीच काढून टाकलेली होती. इथल्या संघटना यावर कोर्टात गेल्या आणि 3 जून 2022 रोजी देशाच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने सांगितले की अर्ज फक्त पडद्यावरून घ्यायचे असतील तर ज्याला ते जमत नाही त्याला मदत आणि दुसरा मार्ग द्यावाच लागेल. हा निकाल परदेशी माणसांसाठी लढून मिळाला, पण पडदा न वापरता येणारी आमची पंचाहत्तरीची फ्रेंच शेजारीणही पेन्शनच्या कागदासाठी तेच भोगते आहे. सरकारी सेवा एका ठिकाणी देणारी दोन हजारांहून जास्त केंद्रे देशात उघडली आहेत, त्यांतले एक आमच्यापासून अठरा किलोमीटरवर आहे. तिला आम्ही तिथे घेऊन जातो, कारण बस नाही. तिन्ही तक्रारी अशा एका गाडीत बसतात.

पुढच्या महिन्याच्या कॉफीला आम्ही चिठ्ठी भरून नेली. त्यावर लिहिले होते : रविवार राहू द्या, दुपार राहू द्या, टाकीची तपासणी राहू द्या, माणूस बसलेली खिडकी परत आणा. वाचून झाल्यावर हशा पिकला नाही. एका इंग्रज आजोबांनी विचारले, खिडकीसाठी अर्ज कुणाकडे करायचा? त्यांचेही कार्ड अडकले होते. मग कॉफी राहिली बाजूला. आम्ही, ते आजोबा आणि आमची फ्रेंच शेजारीण मिळून मेयरबाईंना देण्यासाठी अर्ज लिहायला बसलो. इथे पस्तीस हजारांच्या घरात कम्यून आहेत आणि प्रत्येकाला निवडून आलेला मेयर आहे, या गोष्टीची सगळे चेष्टा करतात. पण अर्ज घेऊन चालत जाता येईल इतक्या अंतरावर सत्ता असणे ही काही वाईट गोष्ट नाही. केंद्राची गाडी महिन्यातून दोनदा गावात आणावी, एवढीच पहिली मागणी आहे. सह्या एकोणचाळीस झाल्या आहेत. मेयरबाईंची कचेरी उद्या सकाळी उघडते आणि बाराला बंद होते. साडेअकराच्या आत पोचायचे ठरले आहे.